अस्वलं खाली उतरली ती संध्याकाळ

होस्पेटकडचे दगड दादाच्या डोक्यात लहानपणापासून होते. आमचे वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. वर्षातून एकदा पास मिळायचा आणि त्या पासावर आई, वडील, दादा आणि मी कुठं ना कुठं जाऊन यायचो. एका वर्षी दक्षिणेकडून परत येताना सकाळी जाग आली तेव्हा गाडी भलत्याच मुलखातून चालली होती. दोन्ही बाजूंना डोंगर, पण मातीचे नाहीत. नुसते गोटे. घराएवढे, एसटीएवढे गोटे एकावर एक बसलेले, आणि काही तर असे टेकलेले की गाडीच्या धडधडीनं आत्ता घरंगळतील असं वाटावं. दादा तेव्हा सातवीत असेल. खिडकीच्या गजांना नाक लावून तो जो बसला तो गदगला गाडी बदलेपर्यंत उठला नाही.

"हे कुणी रचले?" त्यानं वडिलांना विचारलं.

"कुणी न्हाय. आपोआप झालेत," वडील म्हणाले. "उतरू की एकदा हितं."

ते उतरणं झालं नाही. पुढचे पास नागपूरला गेले, दिल्लीला गेले, एक बोधगयेला गेला. मग वडील रिटायर झाले आणि दोन-तीन वर्षांत गेलेही. त्यांच्यामागं आईही फार दिवस राहिली नाही. दादा आयटीआय करून चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर लागला, सोलापुरात घर केलं, मामाच्या मुलीशी लग्न झालं. नात्यानं ती माझी वहिनी, पण आम्ही परकरात होतो तेव्हापासून एकत्र खेळलेल्या, त्यामुळं मी तिला नावानंच हाक मारते. इथं मात्र वहिनीच म्हणते. त्यांना एकच मुलगी. मीही लग्नानंतर सोलापुरातच, एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. दादाचं घर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आमच्याकडं डोंगर नाहीत. ऊस, ज्वारी, मधे एखादा मुरमाड माळ, आणि त्यावर कुठंतरी लांब एक बाभळ. लहानपणी ज्यानं ते गोटे बघितलेत त्याला हा सपाट मुलूख कायम थोडा अपुरा वाटत असणार. घरात कुठल्याही सहलीचा विषय निघाला की दादा म्हणायचा, "होस्पेटला जाऊ." आणि कुणीतरी म्हणायचं, "तिथं काय, दगड?" त्यावर तो हसायचा. नंतर कारखान्यातल्या कुणीतरी त्याला मोबाइलवर दाखवलं की त्याच दगडांत अस्वलांचं अभयारण्य आहे, संध्याकाळी अस्वलं डोंगरावरून खाली येतात आणि समोरच्या मनोऱ्यावरून माणसं ती बघतात. मग त्याच्याकडं सांगायला दुसरं कारण झालं. "नुसते दगड न्हायत. अस्वलं हायत."

त्याचे डोळे जाणार हे आम्हाला कळलं ते उसाच्या ट्रॉलीमुळं. सेकंड शिफ्ट संपवून तो पुणे रोडनं मोटरसायकलवर घरी येत होता, मागं कारखान्यातला एक सोबती. रस्त्याच्या कडेला उभी असलेली ट्रॉली त्याला दिसलीच नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं, सोबत्याला थोडं खरचटलं. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण ट्रॉलीवाल्याला शिव्या घालत होता. मीही घालत होते. सगळे गेल्यावर दादा हळूच म्हणाला, "ट्रॉलीला मागं लाल पट्टी होती. मागं बसलेल्याला लांबूनच दिसली. तो ओरडला पण. मला न्हाय दिसली."

मग एकेक गोष्ट आमच्या ध्यानात यायला लागली. ताटाशेजारी ठेवलेला तांब्या त्याच्या हातानं सांडायचा. जयंतीच्या मिरवणुकीत तो माणसांना धडकायचा आणि माणसांना वाटायचं हा पिऊन आलाय. आयुष्यात त्यानं थेंब घेतला नव्हता.

सोलापूरच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. मी त्याच्याबरोबर गेले, कारण माझ्याकडं ऑफिसातलं का होईना हिंदी-इंग्रजी होतं. दिवसभर तपासण्या झाल्या. शेवटी एका मध्यमवयीन डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं. पडद्याचा आजार आहे, म्हणाल्या. आधी रात्रीचं जातं. मग कडेचं जातं. मधलं सगळ्यात शेवटी जातं.

दादानं औषधाचं विचारलं. नाही. ऑपरेशनचं विचारलं. नाही. चष्म्याचं विचारलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

"तुमच्या आईवडिलांचं लग्न नात्यातलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो. मामा-आत्याची मुलं ती," मी म्हणाले.

"आणि यांचं?"

"सख्ख्या मामाची मुलगी."

त्यांनी लिहिता लिहिता थांबून दादाकडं बघितलं आणि मुलीचे डोळे तपासून घ्या म्हणून सांगितलं. आम्ही उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून दिवसाचं तुम्हाला चांगलं दिसतंय. जे बघायचं मनात असेल ते दिवसाउजेडी बघून घ्या." त्या चांगल्या मनानं म्हणाल्या.

परत आल्यावर पहिलं काम मुलीला दाखवायचं केलं. ती तेव्हा सातवीत होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला तर तिनं शेवटची ओळ वाचली, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. डॉक्टर हसले. "हिला काय धाड भरलीय?" म्हणाले. त्या संध्याकाळी दादानं आम्हा सगळ्यांना पार्क चौकात नेलं. तिथल्या दिव्यांच्या गर्दीत तो वहिनीचा दंड धरून चालत होता आणि दंड धरूनही खुशीत होता. मुलगी पुढं पुढं पळत होती.

पुढच्या दोन वर्षांत दादाचं दिसणं आवळत गेलं. लेथवरून त्याला स्टोअरला बसवलं, मोटरसायकल विकली. त्याच्याशी बोलायचं तर अगदी समोर उभं राहावं लागे, जरा बाजूला सरकलं की तो रिकाम्या जागेशी बोलत राही. तरी उन्हात, सरळ समोरचं, त्याला नीट दिसायचं. डिसेंबर आला तेव्हा मीच म्हणाले, "दादा, होस्पेटला जाऊन येऊ." तो कधी नव्हे ते लगेच म्हणाला, "चला."

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. दादा, वहिनी, मुलगी आणि मी. माझ्या सासूबाई आजारी होत्या म्हणून आमचे हे घरी थांबले. मुलगी नववीत होती आणि वर्गातल्या मुलींना अस्वलाचे फोटो पाठवायचं कबूल करून आली होती. विजापूर गेलं, बागलकोट गेलं. वहिनीनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. वहिनीचं माहेर अक्कलकोटकडं, तिला कानडी येतं, त्यामुळं विजापूरनंतर सगळ्या गाडीत तिचा रुबाब वाढला. चहावाल्यापासून टीसीपर्यंत सगळ्यांशी तीच बोलत होती. लग्नानंतर मी तिला इतकी मोकळी क्वचितच बघितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक रिक्षा ठरवून आम्ही हंपीच्या बाजूला गेलो. वहिनीनं रिक्षावाल्याला काहीतरी सांगितलं. तो वळून दादाकडं बघत राहिला आणि मग त्यानं आम्हाला माणसांची गर्दी असते तिकडं न नेता एका कालव्याच्या कडेनं नेऊन, केळीच्या बागा संपतात तिथं उतरवलं. समोर ते दगड होते.

मला वाटलं होतं, मोठं झाल्यावर ते लहान वाटतील. नाही वाटले. ऊन चढलं होतं आणि सगळा डोंगर भाजलेल्या मातीच्या रंगाचा झाला होता. एका भल्या मोठ्या गोट्यावर दुसरा, त्यावर तिसरा चपटा, आणि त्या चपट्यावर बकरीएवढा एक उगाच ठेवल्यासारखा. खाली सावलीत एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती आणि तिला त्या सगळ्याचं काही नव्हतं.

दादा एका खडकावर बसला. काळा चष्मा काढला आणि बघायला लागला. त्याचं बघणं म्हणजे दाराच्या फटीतून बघावं तसं. मान थोडी थोडी वर, मग थोडी बाजूला, मग परत खाली. मी शेजारी बसून होते.

"दिसतंय का रे?"

"एका टायमाला एक दगड दिसतो," तो म्हणाला. "तो बघून घ्यायचा. मग त्याच्या वरचा. मग डोक्यात एकावर एक ठेवायचे."

"दमशील."

"दमू दे की. तवा खिडकीतून सगळा डोंगर एकदम दिसला होता. पण गाडी पळत होती. आता कुटं गाडी पळतीया?"

मुलगी वर चढून गेली होती. एका गोट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत, ओरडून हाका मारत होती. वहिनी खालून तिला दटावत होती. दादानं आवाजाच्या दिशेनं मान फिरवून तिला शोधलं, ती सापडल्यावर त्याचं डोकं तिच्याबरोबर हळूहळू वर सरकत राहिलं. "शेळी हाय नुसती," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांसमोरचा तो सगळ्यात चांगला तास होता.

तिथून जवळच एक जुना दगडी मंडप होता. वहिनी आणि मी आत जाऊन आलो. मुलगी दारात थांबली. "ये की," मी म्हणाले. "नको, वटवाघळांचा वास येतो," ती म्हणाली. वास येतच होता.

दुपारी जेवून आम्ही अभयारण्याकडं निघालो. फाटकावर नावं लिहून घेतली, मग रिक्षा काटेरी झुडपांतून कच्च्या रस्त्यानं गेली. मनोरा साधाच होता, जिना चढून वर गेलं की छप्पर आणि लोखंडी कठडा. समोर दरी नाही, फक्त थोडी सखल जागा, आणि तिच्यापलीकडं दगडांची टेकडी. वनखात्याचा एक माणूस हातात डबा घेऊन त्या दगडांवर गूळ घातलेलं काहीतरी थापून परत येताना दिसला. ते खायला अस्वलं येतात, असं वहिनीनं त्याच्याकडून विचारून घेतलं. आमच्याशिवाय वर पाच-सहा माणसं होती, त्यांत मोठा कॅमेरा घेतलेलं एक जोडपं आणि दुर्बीण गळ्यात अडकवलेले एक वयस्क हिंदी बोलणारे गृहस्थ.

आधी मोर आले. मग मुंगसं आली आणि दगडावरचा गूळ चाटून पळाली. उजेड स्वच्छ होता. दादाला मोर दिसला. मी त्याच्या गालाला गाल लावून, हात लांब करून दाखवत होते, आणि तो म्हणाला, "हां, सापडला. चालतोय बघ कसा." मुलीलाही दिसला. ती मोबाइलवर फोटो काढत होती आणि त्यात मोर बोटाएवढासुद्धा येत नाही म्हणून कुरकुरत होती.

अस्वलं मात्र येईनात. वनखात्याचा माणूस म्हणाला, कधी लवकर येतात, कधी उशिरा. पश्चिमेला ढग आले आणि सूर्य त्यांच्यामागं गेला. अंधार नव्हता. वर आलेल्या कुणालाच तो अंधार वाटला नसता. नुसता उजेड मऊ झाला होता. पण दादानं काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि कठडा दोन्ही हातांनी धरला, तेव्हा मला कळलं की त्याच्यासाठी वेळ संपत आलीय. मी मनातल्या मनात त्या अस्वलांना हाका मारत होते.

पहिल्यांदा वहिनीला दिसलं. "ते बघ, हललं!" ती माझ्या दंडाला चिमटा घेऊन कुजबुजली. दोन उभ्या गोट्यांच्या मधून एक काळा ढीग खाली उतरला. त्याला पाय होते. मग दुसरं. आणि दुसऱ्याच्या पाठीवर केसांत घुसून बसलेलं एक पिल्लू. आई दगडावरून घसरत खाली येत होती आणि पिल्लू तिच्या खांद्यांना धरून होतं. कॅमेऱ्याचा खटखट आवाज सुरू झाला.

"दादा, आली. समोर. दोन उभे दगड आहेत ना, त्याच्या खाली. काळं."

"सगळंच काळं हाय गं," दादा म्हणाला. तो रागावला नव्हता. डोकं इकडून तिकडं नेत होता, घाईघाईनं.

"थोडं खाली. अजून. आता उजवीकडं."

"न्हाय."

तेवढ्यात माझ्या दुसऱ्या बाजूनं मुलगी म्हणाली, "आत्या, कुठं आहे अस्वल?"

"अगं, समोर."

"समोर कुठं? मला नुसता डोंगर दिसतोय. तो पण नीट नाही."

मला अजूनही काही कळलं नव्हतं. मी तिला तसंच हात लांब करून दाखवायला लागले, जसं आताच दादाला दाखवत होते. दुर्बीणवाल्या गृहस्थांनी आपली दुर्बीण काढून तिच्या हातात दिली. तिनं डोळ्यांना लावली, फिरवली, परत दिली. "यात तर अजूनच अंधार आहे," ती म्हणाली. ते हसले. "अरे बेटा, सामने ही तो है."

दादाचे हात कठड्यावरून सुटले. त्यानं टेकडीकडं पाठ केली आणि मुलीच्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"मघाशी मोर दिसला होता ना तुला?" अगदी साध्या आवाजात त्यानं विचारलं.

"हो. तेव्हा उजेड होता की."

"आता आईकडं बघ. तिच्या हातात काय हाय?"

मुलीनं वहिनीकडं तोंड वळवलं. वहिनी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. वारं सुटलं होतं म्हणून तिनं पिशवीतून मुलीचा पिवळा स्वेटर काढला होता आणि तो तिच्यापुढं धरला होता.

"काय आहे?" मुलगी म्हणाली. "काही नाही."

वहिनीचं अर्धं लक्ष अस्वलांकडं होतं. "पिल्लू बघा की पाठीवर," असं काहीतरी ती म्हणत होती. ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. तिनं स्वेटर आणखी पुढं केला, इतका की तो मुलीच्या हाताला लागला, आणि मुलगी दचकली.

मग वहिनी खाली फरशीवर बसली. पडली नाही, रडली नाही. बसली. पलीकडं ती कॅमेरावाली बाई नवऱ्याला सांगत होती की पिल्लू आता उतरलंय.

आम्ही सगळ्यांच्या आधी खाली उतरलो. मी दादाला धरलं होतं, वहिनीनं मुलीला. "मला येतं की उतरायला," मुलगी म्हणत होती, आणि शेवटच्या पायरीच्या आधीच पाय जमिनीला टेकेल असं समजून तिनं टाकला आणि तोल गेला. दादानं ते ऐकलं. मी त्याचा दंड धरला होता, त्यामुळं मला कळलं.

रिक्षात मुलगी विचारत होती, "माझ्यामुळं घाईत निघालो का? मला दाखवलं असतं तर दिसलं असतं. तुम्ही नीट सांगितलंच नाही." रिक्षावाल्यानं आरशातून बघत वहिनीला कानडीत काहीतरी विचारलं. अस्वलं दिसली का, असं असणार.

"नोडिद्वी," वहिनी म्हणाली. पाहिली.

दुसऱ्या दिवशी धरण बघायचं होतं, ते बघितलं नाही. गाडीला वेळ होता. सकाळी लॉजच्या खिडकीत ऊन आलं होतं, तिथं दादा मुलीला घेऊन बसला. मी आणि वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होतो आणि ऐकत होतो.

"कधीपासून असं होतंय?"

"काय असं?"

"संध्याकाळी दिसायचं कमी."

मुलगी म्हणाली, "पप्पा, मला वाटायचं अंधारात कुणालाच दिसत नाही."

"मग क्लासवरून येतीस कशी?"

"मैत्रिणीचा हात धरते. सगळ्याच मुली हात धरून चालतात की."

वहिनीनं घातलेली घडी मोडली आणि परत घातली. दादानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, पण हात आधी तिच्या कानाला लागला आणि मग वर गेला. गाडीत तो खिडकीशी बसला नाही. ते सगळे दगड परत एकदा त्याच्या बाजूनं मागं गेले, भर उन्हात, आणि तो समोरच्या रिकाम्या बाकाकडं तोंड करून बसला होता. मी एकदा म्हणाले, "बघ की, परत कधी येणार." तो म्हणाला, "तू बघ."

सोलापूरच्या डॉक्टरांनी यावेळी औषध घालून डोळ्यांत बराच वेळ बघितलं. तक्त्यावर हे सुरुवातीला कळत नाही, म्हणाले, आणि हैदराबादची चिठ्ठी लिहिली. तिथं त्याच डॉक्टरबाई होत्या. दादाला त्यांनी ओळखलं. मुलीला तपासून झाल्यावर तिला बाहेर बसवायला सांगत होत्या, पण ती उठली नाही. त्यामुळं जे काही सांगायचं ते तिच्यासमोरच सांगितलं गेलं. आजार तोच. दादाला लागला त्याच्या आधीच्या वयात लागला. बाहेरच्या देशांत काही काही चाललंय, पण आज तुम्हाला द्यायला माझ्याकडं काही नाही. मुलीनं एकच विचारलं, "मी गाडी शिकू शकते का?" बाई म्हणाल्या, "नको."

मग त्यांनी कागदावर गोल काढून आम्हाला समजावलं की हे दोन्हीकडून येतं, एकट्या बापाकडून नाही. परतीच्या गाडीत वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्यात पण हाय म्हणं ते. मला तर सगळं दिसतंय. ते तारेवरचं पाखरू पण दिसतंय. आणि माझ्यात हाय." मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही आणि धरलाही नाही.

त्याला आता तीन वर्षं होत आली. दादानं नोकरी सोडली. खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच त्याला आता समजतं. त्याबद्दल तो तक्रार करत नाही. एकदाच, मी त्याच्यासाठी डाळिंब सोलत बसले होते तेव्हा म्हणाला, "माझं गेलं त्याचं काय न्हाय गं. माझ्यावर भागलं असं वाटलं होतं मला." दगडांचं नाव तो काढत नाही. कुणी सहलीचा विषय काढला तर उठून आत जातो. वडिलांनी आम्हाला त्या पासावर तिकडून आणलंच नसतं तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं. पण त्यानं काय झालं असतं? आजार तर तसाही घरातच होता.

वहिनी आताशा माहेरी जात नाही. भावांशी बोलत नाही. मामा गेल्यापासून तिथलं तिचं तसंही कमीच झालं होतं, पण आता फोनसुद्धा नाही. मागं तिच्या भावाच्या मुलाचं नात्यात जमवायचं चाललं होतं. तिनं तिथं जाऊन काय काय सांगितलं मला माहीत नाही, पण लग्न झालं आणि हिला बोलावलं नाही.

मुलगी आता बारावीला आहे. वर्गात पहिल्या बाकावर बसते. फळ्याचा एकेक भाग बघून लिहून घेते. दिवसा बघणाऱ्याला काही कळणार नाही, फक्त एवढंच की ती चालताना फार वेळा मान हलवते. काठी घेऊन चालायचं शिकवणारी एक संस्था आहे, तिथं मी तिला नेलं होतं. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आत्या, अजून मला दिसतंय." आम्ही परत आलो.

थंडीच्या दिवसांत कॉलेज सुटता सुटता दिवस मावळतो. तिला बसस्टॉपवरून घरापर्यंत आणावं लागतं. वहिनीनं दोन घरी स्वयंपाकाचं काम धरलं होतं, ती तेव्हा घरी नसायची. म्हणून दादा जायला लागला. त्याला आता अंधार आणि उजेड सारखाच. काठी टेकत तो बसस्टॉपवर जाऊन उभा राही, बस आली की हाक मारी, आणि ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागं मागं घरी येई. गल्लीतली माणसं बघायची. काही जण कौतुक करायचे. मलाही पहिल्यांदा ते बघून भरून आलं होतं.

मागच्या महिन्यात ती माझ्याकडं आली. उन्हातच आली, एकटी. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली. जाताना दारात थांबून म्हणाली, "आत्या, तू पप्पांना सांग ना, बसस्टॉपवर येऊ नका."

"का गं? लाज वाटते?"

"लाज नाही," ती म्हणाली. "बसमधून उतरले की ते तिथं दिव्याखाली उभे असतात. बस गेल्यावरसुद्धा बसकडंच तोंड करून. मला माझं पुढचं दिसतं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती गेली.

दादाला मी हे सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण त्याला कुठून तरी कळलं असावं, किंवा तिच्या हाताच्या वजनावरून त्यानं ओळखलं असेल. त्यानं आपणहून जायचं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाला. वहिनीनं संध्याकाळचं काम सोडलं. आता ती जाते.